जुहूच्या धावपट्टीवरून कोल्हापूर-सिंधुदुर्गची विमाने का सुटत नाहीत?

प्रश्न असा आहे: सांताक्रूझच्या मुख्य विमानतळावर कोल्हापूर, नाशिक, जळगाव, सिंधुदुर्ग अशा ठिकाणच्या लहान विमानांना वेळ मिळणे कठीण झाले आहे. तिथून दोनेक किलोमीटरवर जुहूची डांबरी धावपट्टी आहे आणि एस. व्ही. रोडवरून जाताना ती बहुतेक वेळ रिकामी दिसते. मग एटीआरसारखी पंख्याची लहान प्रवासी विमाने तिकडे का वळवत नाहीत?

धावपट्टी रिकामी दिसते हे खरे, पण तिच्यावरचे आकाश रिकामे नाही. अडचण आधी आकाशाची आहे, मग लांबीची, आणि पावसाळ्यात पाण्याचीही. लांबीचा हिशेब समजायला सोपा आहे, म्हणून आधी तो मांडतो.

जुहूची मुख्य धावपट्टी 08/26 ही 1,143 मीटरची. आडवी 16/34 तिच्याहून बरीच आखूड आहे, ती या चर्चेत धरायलाच नको. एटीआर 72-600 ला पूर्ण वजनाने उडायला समुद्रसपाटीला आणि प्रमाण हवामानात साधारण 1,300 ते 1,350 मीटर लागतात, लहान एटीआर 42-600 ला सुमारे 1,100. वरवर पाहता 42 बसते असे वाटते. पण प्रमाण हवामान म्हणजे 15 अंश सेल्सिअस, आणि मुंबईत ते कोणत्याच महिन्यात दुपारी मिळत नाही. विमानतळाच्या आखणीचा ढोबळ नियम असा की तापमान प्रमाणापेक्षा जितके अंश जास्त, तितके टक्के लांबी वाढवायची. उन्हाळ्यातली दुपार 33 अंशांची धरली तर 18 अंश जास्त, म्हणजे 18 टक्के. 1,100 चे झाले सुमारे 1,300. धावपट्टी 1,143. प्रत्यक्ष उड्डाणाचा हिशेब विमानाच्या पुस्तिकेतल्या तक्त्यांवरून होतो, पण उत्तराची दिशा तीच राहते: 42 उडवायचे तर काही आसने रिकामी ठेवून, आणि 72 चा विचारच नको.

उतरण्याचे गणित वेगळे आहे. नियोजनाच्या वेळीच टर्बोप्रॉप (एटीआरसारखे पंख्याचे) विमान उपलब्ध लांबीच्या 70 टक्क्यांत थांबेल असे दाखवावे लागते. जुहूला हे 70 टक्के म्हणजे 800 मीटर. धावपट्टी ओली असेल तर आणखी गाळा सोडावा लागतो, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ओली धावपट्टी ही रोजची गोष्ट आहे.

तरी लांबीवर सगळे थांबत नाही, हेही सांगायला हवे. 19 आसनांचे डॉर्नियर 228 सुमारे 800 मीटरमध्ये उडते. त्यावर 18 टक्के चढवले तरी साडेनऊशेच्या आत. ते जुहूच्या डांबरावर बसते. म्हणून ‘धावपट्टी लहान आहे’ एवढेच सांगून विषय संपवणारे उत्तर अपुरे आहे. डॉर्नियर का नाही, याचे उत्तर वर पाहिल्यावर मिळते.

नकाशा काढून पाहा. मुख्य विमानतळाची 09/27 ही धावपट्टी पूर्व-पश्चिम, सुमारे 3,450 मीटर लांब. तिचे पश्चिम टोक विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला. जुहूचा तळ त्या टोकापासून पश्चिमेला पावणेदोन-दोन किलोमीटर आणि उत्तरेला एक किलोमीटर. मुंबईत वारा बहुतेक काळ पश्चिमेचा, म्हणून विमाने पूर्वेकडून येऊन 27 वर उतरतात आणि 27 वरूनच समुद्राकडे उडतात. म्हणजे मुंबईतून निघणारी बहुसंख्य विमाने जुहूच्या दक्षिण कडेवरून जातात. धावपट्टीचे नाव हे दिशेचा आकडा असते: 27 म्हणजे सुमारे 270 अंश, 26 म्हणजे सुमारे 260. जुहू उत्तरेला आहे आणि तिथून 26 वर निघालेले विमान दहा अंश दक्षिणेकडे झुकून जाते. एक किलोमीटरचे अंतर दहा अंशांनी भरून यायला साडेपाच-सहा किलोमीटर लागतात. म्हणजे किनारा सोडल्यावर दीड-दोन मिनिटांतच जुहूचे विमान 27 च्या निर्गमन मार्गात जाऊन पोचते. दोन्हीकडून एकाच वेळी विमान सोडणे शक्य नाही. एकाला थांबवावे लागते, आणि साडेतीनशे टनांच्या विमानाला डॉर्नियरसाठी कोणी थांबवणार नाही.

वारा फिरला आणि विमाने समुद्राकडून येऊन 09 वर उतरू लागली की अवस्था आणखी कठीण. उतरणीचा कोन 3 अंशांचा असतो. टोकापासून दोन किलोमीटरवर त्या विमानाची उंची जेमतेम 120 मीटर, म्हणजे चारशे फूट. जुहूच्या दक्षिण अंगाला चारशे फुटांवर जेट आणि शेजारच्या धावपट्टीवरून चढणारे दुसरे विमान, ही मांडणी कोणताही नियंत्रक मान्य करणार नाही. शिवाय 27 वर उतरता उतरता एखादे विमान पुन्हा वर गेले, तर तेही सरळ याच बाजूला येते. हे आधी सांगून होत नाही, म्हणून ती जागा कायम मोकळी ठेवावी लागते.

मुख्य विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे कामाला एका वेळी खरे तर एकच. तिच्यावर ताशी 45 च्या आसपास विमाने चढतात-उतरतात. उतरणीच्या शेवटच्या टप्प्यात ए-320 चा वेग 135-140 नॉट (ताशी सागरी मैल), एटीआरचा 110-115. हळू विमान पुढे असले की मागच्याला जादा अंतर द्यावे लागते. म्हणून लहान विमाने कुठेतरी हलवावीत ही मागणी चुकीची नाही. पण जुहूला हलवल्याने ती त्याच आकाशात राहतात. धावपट्टीवरचा वेळ वाचतो आणि हवेत तेवढाच खर्च होतो.

दोन्ही धावपट्ट्यांची जवळपास सारखी दिशा इतिहासात महागात पडली आहे. समुद्राकडून 09 साठी येणाऱ्या वैमानिकाला आधी दिसते ती जुहूची 08. जुलै 1953 मध्ये ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेजचे कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. ते वाचले आणि काही दिवसांनी तिथूनच उडवून नेले. 24 सप्टेंबर 1972 रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-8 असेच जुहूला उतरले, धावपट्टी संपल्यावरही पुढे गेले आणि मोडीत निघाले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्या दिवशी नजरेने उतरण्याची परवानगी होती, आणि समोर आधी जी धावपट्टी दिसली तीच आपली, असा समज झाला. आज आयएलएस (धावपट्टीपर्यंत नेणारी रेडिओ यंत्रणा) आणि उपग्रहाधारित मार्गांमुळे ही शक्यता फार कमी झाली आहे, पण जुहूवर प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली तर उलट बाजूची चूकही, म्हणजे जुहूचे विमान मुख्य विमानतळावर उतरणे, लक्षात घ्यावी लागेल.

जुहूचा तळ 1928 चा, देशातला पहिला नागरी विमानतळ. बॉम्बे फ्लाइंग क्लब त्याच वर्षीचा. जे. आर. डी. टाटांना 1929 च्या फेब्रुवारीत वैमानिकाचा परवाना मिळाला, आणि 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथ विमानाने ते उतरले ते जुहूलाच. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट तेच टपाल पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. तेव्हाचे जुहू म्हणजे चिखलवट, समुद्राच्या पातळीला लागून असलेली जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई आणि टाटांची टपालसेवा चार महिने पुण्याहून चाले. दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझला हवाई दलाचा पक्का तळ होता. युद्धानंतर विमाने मोठी आणि जड झाली, आणि 1948 मध्ये नागरी वाहतूक तिकडे गेली. जुहू मागे पडले ते या कारणाने: आखूड, ओले, आणि भोवती वस्ती.

पाणी हा मुद्दा अजून संपलेला नाही. तळ जवळजवळ समुद्राच्या पातळीवर, आणि भोवतालचे नाले भरतीच्या वेळी उलटे भरतात. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस जुळून आला की पाण्याला वाट नसते. पालिकेची इर्ला आणि गझदरबंध येथील पंपिंग स्टेशने त्यासाठीच आहेत. विमानतळावर मे महिन्यात करायची कामे ठरलेली: धावपट्टीच्या कडेची गटारे तळापर्यंत उपसणे, जाळ्यांत अडकलेले प्लास्टिक काढणे, कडेची माती डांबरापेक्षा वर आली असेल तर ती तासून खाली घेणे. शेवटचे काम सर्वांत जास्त राहून जाते. गवत दर वर्षी थोडी माती धरते, कड दोन-तीन सेंटिमीटर उंच होते, आणि पाणी धावपट्टीवरून उतरायचे ते तिथेच साचते. 3 मिलिमीटर पाणी चाकांना ब्रेक लागू न देण्यास पुरेसे ठरू शकते. उंच गवतात किडे येतात, किड्यांमागे बगळे, उंदरांमागे घारी. गवत किती उंच ठेवायचे हा पक्ष्यांच्या नियंत्रणाचा प्रश्न आहे, शोभेचा नाही.

मग धावपट्टी वाढवता येणार नाही का? पश्चिमेला जुहू तारा रोड आणि त्यापलीकडे चौपाटी. समुद्रात भराव घालून 08/26 लांबवण्याचा प्रस्ताव 2010 च्या सुमारास पुढे आला होता. रस्ता धावपट्टीखालून न्यायचा, किनारा नियमन क्षेत्राची परवानगी घ्यायची, ही कामे अवघड पण कल्पनेबाहेरची नाहीत. खरी अडचण भोवतालच्या इमारतींची. सध्याच्या स्वरूपात, म्हणजे नजरेने उतरायची 1,200 मीटरच्या आतली धावपट्टी धरली, तर टोकासमोरची मोकळी उतरण, म्हणजे जिच्या वर कोणतीही इमारत जाता कामा नये अशी कल्पित तिरपी पातळी, 4 टक्क्यांची चालते. धावपट्टी त्याहून लांब करून उपकरणांनी उतरायची सोय केली की तीच उतरण 2 टक्क्यांची होते. आकडे लहान दिसतात, पण धावपट्टीच्या टोकाबाहेर 60 मीटरवर सुरू होणाऱ्या त्या उतरणीत एक किलोमीटर पुढे 4 टक्क्यांना 40 मीटरची इमारत चालते, 2 टक्क्यांना फक्त 20. पूर्वेला विलेपार्ले आहे. 20 मीटर म्हणजे सहा मजले. तिथल्या पुनर्विकासातल्या किती इमारती त्याखाली राहतील, हे एस. व्ही. रोडवर उभे राहून कोणालाही दिसते. धावपट्टीभोवतीच्या मोकळ्या पट्ट्याची रुंदीही 80 मीटरवरून 280 वर जाते, म्हणजे हँगर आणि एप्रनची (विमाने उभी करण्याच्या जागेची) मांडणी पहिल्यापासून करावी लागेल.

एक इंजिन बंद पडले तर काय, हा हिशेब प्रत्येक प्रवासी उड्डाणाला आधी करावा लागतो. मोठ्या दोन इंजिनी विमानाला तशा स्थितीत चढाईचा हिशेब 1.6 टक्के धरून करतात, म्हणजे किलोमीटरला 16 मीटर. 26 वरून समुद्राकडे जाताना हे जमते, कारण किनाऱ्यापुढे अडथळा नाही. पूर्वेला 08 वरून मात्र समोर वस्ती आणि लगेच मुख्य विमानतळ. म्हणजे धावपट्टी व्यवहारात एकाच बाजूची उरते: उडायचे पश्चिमेला, उतरायचेही शक्यतो समुद्राकडून. दुपारी खारे वारे आले की उतरताना वारा पाठीमागून. हिवाळ्यातल्या सकाळी मतलई वारे वाहतात तेव्हा उडताना वारा पाठीमागून. पाठीमागच्या वाऱ्याने लांबी आणखी वाढते, आणि ती तर आधीच नाही.

अग्निशमन, सुरक्षा तपासणी, सामान या गोष्टी सुटण्यासारख्या आहेत. एटीआर 72 च्या लांबीला पाचव्या श्रेणीचे अग्निशमन लागते, म्हणजे गाडीवर 5,400 लिटर पाणी फेसासाठी. मध्यम आकाराच्या हेलिकॉप्टरला 1,000 लिटर पुरते. तो फरक पैशाने भरून निघतो, आकाशाचा निघत नाही.

आता जुहू प्रत्यक्षात काय करते ते पाहू, कारण ‘रिकामी जागा’ हा समज तिथेच चुकतो. 1974 मध्ये समुद्रातल्या बॉम्बे हाय क्षेत्रात तेल लागले. ते क्षेत्र मुंबईपासून पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटर. तिथल्या माणसांची पाळी बदलायची, आजारी माणूस परत आणायचा, तर बोटीने अर्धा दिवस, हेलिकॉप्टरने पाऊण तास. 1985 मध्ये पवन हंस या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीची स्थापना झाली ती मुख्यतः या कामासाठी, आणि या कामाचा तळ जुहू.

एका फेरीचे गणित असे. एडब्ल्यू-139 हेलिकॉप्टरचे कमाल वजन 6,400 किलो धरू. समुद्रावरची सगळी साधने बसवलेले रिकामे हेलिकॉप्टर साडेचार हजाराच्या आसपास, दोन वैमानिक 180 किलो. उरले सुमारे 1,700. वेग ताशी 260 किलोमीटर, म्हणजे जायला 37 मिनिटे, यायला 37, सुरू करणे, डेकवर (रिगवरच्या उतरण्याच्या चौथऱ्यावर) थांबणे धरून दीड तास. इंधन ताशी 400 किलो: 600 किलो. त्यावर दहा टक्के गाळा 60, शेवटची अर्ध्या तासाची राखीव 200. झाले 860. प्रवाशांना उरले 840 किलो, म्हणजे सामानासह आठ माणसे. हवामान पाहून पर्यायी ठिकाणाचे इंधन धरावे लागले तर आणखी कमी. म्हणून चेक-इनला माणूस आणि पिशवी दोन्ही काट्यावर घेतात. अंदाजाने वजन लिहिण्याची सवय तिथे चालत नाही. प्रवाशाकडे पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याच्या प्रशिक्षणाचा वैध दाखला हवा, लाइफ जॅकेट अंगात घालून बसायचे, पण आत असताना फुगवायचे नाही. आत फुगवलेले जॅकेट पाण्यात माणसाला छताशी दाबून धरते.

इंधन भरण्याआधी टाकीच्या तळाचा नमुना काढून पाण्याची चाचणी होते. दमट हवेत टाकीत दव जमते, आणि पावसाळ्यात हे एकही दिवस चुकवून चालत नाही. डेकवर उतरताना 210 अंशांचा कोन अडथळ्याविना हवा. डेकवर रंगवलेला आकडा किती लांबीचे आणि किती वजनाचे हेलिकॉप्टर चालते ते सांगतो. क्रेनची भुजा खाली आणि थांबलेली आहे हे रेडिओवर निश्चित झाल्याशिवाय उतरायचे नाही. तरंगत्या रिगवर डेक किती हलतो याची मर्यादा वेगळी. परतल्यावर इंजिनाचा कॉम्प्रेसर गोड्या पाण्याने धुतात, कारण खारट हवेतले मीठ पात्यांवर बसते, इंजिनाची ताकद हळूहळू कमी होते आणि गंज आतून लागतो. रोज दिसत नाही म्हणून हे काम टाळले की सहा महिन्यांनी इंजिन उतरवावे लागते.

हे काम धोक्याचे आहे. 13 जानेवारी 2018 रोजी जुहूहून निघालेले डॉफिन हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले, आतले सातही जण गेले. 28 जून 2022 रोजी सागर किरण रिगजवळ एस-76 हेलिकॉप्टर पाण्यात उतरवावे लागले, नऊपैकी चार जण वाचले नाहीत. या माणसांच्या प्रवासातला प्रत्येक जादा मिनिट मोजावा लागतो. परतताना किनाऱ्याबाहेर दहा मिनिटे घिरट्या घालाव्या लागल्या तर 65-70 किलो इंधन जाते, आणि तशी शक्यता असेल तर ते आधीच भरून न्यावे लागते. म्हणजे प्रत्येक फेरीत जवळजवळ एक माणूस कमी. जुहूवर डॉर्नियरची ये-जा वाढवली तर थांबावे लागेल ते या हेलिकॉप्टरांना.

लहान गावांच्या विमानांचा प्रश्न खराच आहे, आणि तो नवी मुंबईत सुटण्यासारखा आहे. तो विमानतळ ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन होऊन डिसेंबरअखेर सुरू झाला. आराखड्यात 3,700 मीटरच्या दोन समांतर धावपट्ट्या आहेत, आणि समांतर म्हणजे छेद नाही. एटीआरची मागणी करायची तर तिथल्या सकाळ-संध्याकाळच्या वेळांसाठी करावी. सकाळी सातला कोल्हापूर आणि संध्याकाळी सातला परत, ही वेळ हातची गेली तर दुपारचे एकचे विमान कोणाच्या कामाचे नाही.

जुहूसाठी मागायचे असेल तर वेगळे मागावे. हेलिकॉप्टरांसाठी उपग्रहाधारित उतरण्याचा मार्ग, जो समुद्रावरच्या ठरावीक बिंदूपर्यंत ढगांतून खाली आणतो आणि पुढे नजरेने तळ गाठता येतो. नजरेच्या उड्डाणाला सर्वसाधारणपणे 5 किलोमीटर दृश्यमानता लागते, विशेष परवानगीने ती दीड किलोमीटरपर्यंत खाली येते. जुलैच्या सकाळी तेवढीही अनेकदा नसते आणि पाळी बदलायला गेलेली माणसे रिगवर अडकून राहतात. दुसरे, भरतीच्या उलट्या पाण्यासाठी तळाच्या गटारांना स्वतःची झडप आणि पंप. तिसरे, भोवतालच्या इमारतींची दर वर्षी नव्याने मोजणी, कारण परवाना घेताना लिहिलेल्या उंचीवर नंतर पाण्याची टाकी, लिफ्टची खोली आणि मोबाइलचा मनोरा चढतो, आणि नेमका तोच भाग हेलिकॉप्टरच्या वाटेत येतो.